१७,८६२ जनावरांतून एक बिल्ला शोधताना : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

सकाळी साडेनऊला तारळ्याहून डॉक्टरांचा फोन आला. "अहो, म्हशीच्या कानात बिल्ला आहे, मी समोर उभा राहून आकडा वाचतोय आणि तुमचं ॲप म्हणतंय नोंद सापडली नाही. नवीन नोंद करू का?"

म्हटलं, थांबा डॉक्टर, नवीन करू नका, आकडा सांगा. त्यांनी बाराही आकडे वाचून दाखवले. आमची माहिती मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवर ऑनलाइन याद्यांत असते; तिथली मूळ यादी कार्यालयातल्या संगणकावर उघडली, तर म्हैस जागेवर होती. मालकाचं नाव बरोबर, गाव बरोबर, लाळ्या खुरकुताच्या दोन लसी नोंदलेल्या. यादीत असलेली म्हैस ॲपला दिसत नव्हती.

डॉक्टरांनी नवीन नोंद केली असती तर एकाच बिल्ल्याच्या दोन म्हशी झाल्या असत्या. लसीचा इतिहास एकीकडे राहिला असता आणि पुढचे उपचार दुसरीकडे. दुपारी मागची पानं चाळली तेव्हा अशा ३१ दुहेरी नोंदी सापडल्या, सगळ्या एप्रिलच्या मध्यानंतरच्या.

पुढे संदर्भ लागेल म्हणून मांडणी लिहून ठेवतो. ॲप पॉवर ॲप्स या मायक्रोसॉफ्टच्या ॲप बनवायच्या साधनात आहे, दीड वर्षापूर्वी मीच बनवलेलं. माहिती शेअरपॉइंटच्या तीन याद्यांत आहे: गावं ६४, जनावरं आज सकाळी १७,८६२, आणि लसीकरणाची यादी, जी रोज वाढते. डॉक्टर, पशुधन पर्यवेक्षक आणि लस टोचणारे मिळून २२ जण फोनवर ॲप वापरतात. सुरुवातीपासून गाव निवडायचं आणि त्या गावाची यादी सरकवत बघायची, एवढंच होतं. १५ एप्रिलला मी शोधाची चौकट, लस बाकी असलेल्या कालवडींची यादी आणि पहिल्या पडद्यावर एकूण जनावरांचा आकडा, अशा तीन गोष्टी वाढवल्या.

तो आकडा आज नीट पाहिला. एकूण जनावरं : ५००.

११ जून

कारण सापडलं. सापडलं म्हणण्यापेक्षा, समोर होतं ते आज वाचलं.

पॉवर ॲप्समध्ये गाळणी, म्हणजे यादीतून अटीत बसणाऱ्या नोंदी निवडणं, दोन ठिकाणी लागू शकते. अट जर अशी असेल की ती शेअरपॉइंटला समजते, तर ॲप ती अट सर्व्हरकडे पाठवतं, सर्व्हर पूर्ण यादीतून निवडून फक्त हव्या त्या नोंदी परत देतो. याला डेलिगेशन म्हणतात. अट शेअरपॉइंटला समजणारी नसेल, तर ॲप यादीतल्या सुरुवातीच्या नोंदी फोनवर ओढून घेतं आणि गाळण्याचं काम फोनवर करतं. सुरुवातीच्या म्हणजे किती, तर मुळात ५००. सेटिंगमध्ये जाऊन हा आकडा २,००० पर्यंत नेता येतो, त्यापुढे नाही.

म्हणजे माझी शोधाची चौकट १७,८६२ जनावरांत शोधतच नव्हती. पहिल्या ५०० मध्ये शोधत होती, आणि तिथे नसलं की "नोंद सापडली नाही" असं ठामपणे सांगत होती.

उंब्रज आणि मसूरकडच्या लोकांची एकही तक्रार का नव्हती, तेही उलगडलं. आम्ही नोंदणी त्या बाजूने सुरू केली होती. पहिल्या ५०० नोंदी तिकडच्याच. तारळे, मल्हारपेठ, ढेबेवाडी ही गावं मागाहून आली, म्हणून तिथली जनावरं ॲपच्या लेखी नाहीतच.

मी वापरलेली अट होती बिल्ल्याच्या आकड्यात कुठेही हा तुकडा आहे का, अशी. 'इन' हा शब्द किंवा 'सर्च' हे फंक्शन वापरून ती लिहिता येते. शेअरपॉइंटच्या यादीवर या दोन्ही गोष्टी सर्व्हरकडे जात नाहीत. सूत्राखाली निळी नागमोडी रेघ आणि शेजारी पिवळा त्रिकोण एप्रिलमध्येही होता. मी तो पाहिला होता. पण चाचणीच्या यादीत ३०० नोंदी होत्या आणि सगळे शोध बरोबर येत होते. ५०० च्या आत सगळं बरोबरच येतं. चाचणीची यादी खऱ्या यादीपेक्षा लहान ठेवली, ही यातली सगळ्यात मोठी चूक, आणि ती माझी.

काल संध्याकाळी शोधाची चौकट बंद करून २२ जणांना निरोप पाठवला: तात्पुरतं गाव निवडून शोधा, नवीन नोंद फोन करून विचारल्याशिवाय करू नका.

१२ जून

मर्यादा ५०० वरून २,००० करू का, असं कार्यालयातल्या ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. केली नाही. २,००० केल्यावर काही गावं दिसायला लागतील, काही नाही, आणि चूक आणखी उशिरा कळेल. शिवाय २,००० नोंदी प्रत्येक पडद्याला फोनवर उतरवायच्या म्हणजे पाटणच्या डोंगरात ॲप उघडणारच नाही.

उलट दिशेने गेलो. मर्यादा १ केली. ही युक्ती मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनातच आहे आणि ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाने ती सवयीने वापरावी असं मला आता वाटतं. मर्यादा १ असली की जी सूत्रं सर्व्हरकडे जात नाहीत ती एकच नोंद दाखवतात. लपायला जागाच राहत नाही. सगळे पडदे एकेक करून उघडले:

गावाची यादी: पूर्ण आली. गाव बरोबर आहे का, ही साधी बरोबरीची अट सर्व्हरला समजते. गॅलरी, म्हणजे पडद्यावरची सरकती यादी, शंभर-शंभर नोंदी आणते आणि सरकवू तशी पुढचा घास घेते.
बिल्ला शोध: फसला.
एकूण आकडा: १. मोजणीचं फंक्शन शेअरपॉइंटकडे जातच नाही, हाताशी आलेल्या नोंदी मोजतं.
कालवडींची यादी: रिकामी.

शेवटच्या ओळीवर बराच वेळ थांबलो. मर्यादा परत ५०० केली, तरी रिकामीच. पडद्यावर वर लिहून येतं, "लसीकरण बाकी : ०". १५ एप्रिलपासून आमच्या माणसांना ॲप हेच सांगत होतं, की काम पूर्ण झालं आहे.

१४ जून

आधी बिल्ला, कारण डॉक्टर अडले आहेत.

जनावराच्या कानातला बिल्ला बारा आकड्यांचा असतो. गोठ्यात कोणी बारा आकडे टाइप करत नाही. कानावर शेण-माती असते, जनावर मान हलवतं, अंधार असतो. माणसं शेवटचे चार आकडे वाचतात आणि तेच लक्षात ठेवतात. मालकही "माझी तेवीस-अठ्ठावन्न" असंच सांगतो. म्हणून मी 'कुठेही तुकडा' अशी अट घातली होती. गरज खरी होती, सूत्र चुकलं होतं.

शेअरपॉइंटवर मजकुराची सुरुवात अमुकने होते का, हे विचारता येतं. 'स्टार्ट्सविथ' सर्व्हरकडे जातं. शेवट अमुकने होतो का, हे 'एंड्सविथ' मात्र जात नाही. मग शेवटाचीच सुरुवात करायची. यादीत एक नवा साधा मजकुराचा कॉलम केला, 'शेवटचे चार', आणि बिल्ला नोंदतानाच त्यात चार आकडे वेगळे लिहायचे. शोध म्हणजे आता सरळ बरोबरी झाली, आणि बरोबरीइतकी स्वस्त अट दुसरी नाही.

चार आकड्यांचे १०,००० प्रकार होतात आणि जनावरं अठरा हजारांच्या आत, म्हणजे एका चौकडीला सरासरी दोनसुद्धा जनावरं पडत नाहीत. पडद्यावर दोन-तीन नावं येतात, गावावरून ओळखता येतं. ६०,००० झाली तरी हा शोध चालेल.

शेअरपॉइंटचा आपोआप हिशोब करणारा कॉलम वापरायचा मोह झाला होता, कारण जुन्या नोंदी आपोआप भरल्या असत्या. पण तशा कॉलमला इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, लागत नाही, म्हणून टाळला. जुन्या नोंदी पॉवर ऑटोमेटने, म्हणजे कामं आपोआप करणाऱ्या साधनाने, रात्री भरल्या, एकेक गाव घेऊन. तिथेही लक्ष ठेवावं लागतं: नोंदी आणण्याची पायरी मुळात १०० नोंदींवर थांबते, पानं पुढे उलटायची सोय वेगळी चालू करावी लागते. पहिल्या रात्री मी ती चालू केली नव्हती आणि प्रत्येक गावाची पहिली शंभरच जनावरं भरली. सकाळी काले गावाची यादी तपासली म्हणून कळलं. तीच चूक वेगळ्या दारातून आली.

आणखी एक. काही नोंदींत बिल्ला मराठी आकड्यांत निघाला. फोनचा कीबोर्ड मराठीवर असला की २३५८ असं मराठी लिपीतलं पडतं, आणि संगणकाच्या दृष्टीने ते इंग्रजी अंकांपेक्षा सर्वस्वी वेगळं अक्षर आहे. शोधताना दोन्ही तपासायला गेलो तर अट लांबते. त्यापेक्षा नोंद साठवतानाच दहाही अंक एकाच लिपीत बदलून घेतो. पडद्यावर दाखवताना परत मराठी करतो, वाचायला तेच बरं.

१५ जून

शनिवार, पण डॉक्टरांनी तारळ्यातून करून पाहिलं. चार आकडे टाकले, म्हैस आली. फोनवर बोलले, "हां, हीच ती." बाकी काही नाही.

टाइप करताना प्रत्येक अक्षराला शोध सुटू नये म्हणून चौकटीला अर्ध्या सेकंदाचा उशीर लावला आहे. त्यासाठी पॉवर ॲप्समध्ये एक तयार खूण आहे. शिवाय चार आकडे पूर्ण होईपर्यंत शोधच सुरू होत नाही.

१८ जून

आता कालवडी. याच्यासाठी मी हा आठवडा पूर्ण ठेवला आहे.

ब्रुसेलोसिसची लस फक्त मादी वासरांना, म्हणजे कालवडींना आणि म्हशींच्या मादी पारड्यांना, वयाच्या चार ते आठ महिन्यांत एकदाच देतात. आठ महिने उलटले की संधी गेली. हा रोग गाभण जनावराचं वासरू टाकायला लावतो, आणि माणसालाही होतो. कच्च्या दुधातून, आणि गोठ्यात पडलेलं वार उघड्या हाताने उचलण्यातून. आमच्याकडे ते बहुधा बायकाच उचलतात. त्यामुळे ही यादी बरोबर येणं माझ्या दृष्टीने बाकी सगळ्या पडद्यांच्या आधी आहे.

जुनं सूत्र असं होतं: प्रत्येक जनावराची जन्मतारीख घ्या, आजपासून किती महिने झाले ते काढा, ते चार आणि आठच्या मध्ये आहे का पाहा. वाचायला सरळ आहे. पण 'प्रत्येक जनावराची घ्या आणि काढा' हे शेअरपॉइंटला करता येत नाही. कॉलमवर हिशोब चढवला की अट सर्व्हरकडे जात नाही. मग ॲप पहिल्या ५०० नोंदी आणून त्यांची वयं काढत बसलं. त्या ५०० नोंदी २०२२ च्या अखेरच्या आहेत. त्यातलं एकही जनावर आज वासरू नाही. म्हणून शून्य.

दुरुस्ती अशी की हिशोब कॉलमवरून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. आजच्या तारखेतून आठ महिने वजा केले तर १८ ऑक्टोबर २०२३, चार महिने वजा केले तर १८ फेब्रुवारी २०२४. या दोन तारखा आधीच काढून चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवायच्या, आणि सर्व्हरला एवढंच विचारायचं की जन्मतारीख या दोहोंच्या मध्ये आहे का. हिशोब १७,८६२ वेळा करायचा नाही, दोनदाच करायचा. कॉलम उघडा राहिला पाहिजे, त्याच्या अंगावर काही चढवायचं नाही. हे मी भिंतीवर लिहून लावलं आहे.

तारखेच्या कॉलममध्ये एक दिवसाची गडबड दिसली. शेअरपॉइंट तारीख जागतिक वेळेत साठवतं. आपली मध्यरात्र तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळी साडेसहा असते. पॉवर ॲप्समधलं 'मॉनिटर' हे तपासणीचं साधन उघडून सर्व्हरकडे नेमकं काय जातं ते पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की कडेवरची वासरं एक दिवस इकडे-तिकडे होत आहेत. एका दिवसाने फरक पडत नाही, असं म्हणता आलं असतं. पण आठ महिन्यांची कड ओलांडणारं वासरू त्या एका दिवसातच जातं. मग जन्मतारीख साध्या आकड्याच्या कॉलममध्येही ठेवली: वर्ष, महिना, दिवस जोडून, २०२४०६१८ असा. आकड्याला लहान-मोठं विचारणं सर्व्हरला नीट जमतं आणि त्यात वेळेचा घोळ नाही.

१९ जून

'लस दिलेली नाही' ही अट राहिली होती. मी ती नकाराने लिहिली होती, लसीचा रकाना रिकामा आहे का, असं फंक्शन लावून. तेही सर्व्हरकडे जात नाही. रिकाम्या किमतीशी सरळ बरोबरी केली तर जातं, हे करून पाहिलं, चाललं. तरीही मी वेगळी वाट धरली. प्रत्येक कालवडीच्या नोंदीत 'बाकी' किंवा 'दिली' असा शब्द लिहायचा आणि 'बाकी' शी बरोबरी करायची. रिकाम्या रकान्याचे अर्थ दोन होतात: लस दिली नाही, किंवा दिली पण कोणी लिहिलं नाही. 'बाकी' लिहिलेलं असलं की कोणीतरी पाहून लिहिलं आहे.

२१ जून, वटपौर्णिमा

कार्यालयात निम्मे लोक. मला बरंच झालं.

नव्या सूत्राने यादी काढली. आज लसीला पात्र आणि बाकी : ११८. पडद्यावर दोन महिने शून्य होतं.

मग दुसरी यादी काढली, जी काढायला मन होत नव्हतं. १५ एप्रिलनंतर ज्यांचे आठ महिने भरून गेले आणि लस मिळाली नाही अशा किती? २३. प्रत्येक वासरू ॲपमुळेच राहिलं असं म्हणता येणार नाही. आमची माणसं गावात जाऊन विचारून लस देतच होती, काही मालकांनी नको म्हटलं, काही वासरं विकली गेली. पण ज्या पर्यवेक्षकाने पडदा उघडून शून्य पाहिलं आणि त्या गावाला जाणं पुढे ढकललं, त्याची चूक नव्हती.

यादी छापून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी नावं वाचली, तीन-चार गोठे त्यांच्या ओळखीचे निघाले. म्हणाले, "आता ही लस द्यायची नाही. वय गेलंय. गाभण राहिल्या की मला सांगायचं, आपण लक्ष ठेवू." त्या २३ नोंदींना 'लक्ष' अशी खूण केली, आणि ती खूण असलेल्यांची यादी डॉक्टरांच्या पहिल्या पडद्यावर ठेवली.

२५ जून

गाव निवडायच्या यादीत कऱ्हाड दोनदा दिसतं, अशी ताईंची तक्रार. दोन्ही डोळ्यांना तंतोतंत सारखी. एक निवडलं तर ४१२ जनावरं, दुसरं निवडलं तर ५७.

मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं म्हणून सविस्तर लिहितो. कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, दुसऱ्या या शब्दांतला तो अर्धचंद्रासारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, ज्याची रुंदी शून्य असते. कोणता कीबोर्ड आहे त्यावर कोणती रीत पडेल ते ठरतं. पडद्यावर दोन्ही सारख्याच उमटतात, पण अक्षरांची साखळी वेगळी, म्हणून ॲपच्या तुलनेत ती दोन वेगळी गावं होतात. शिवाय काही जण कराड लिहितात, ते तिसरं.

अक्षरं बदलून एकसारखी करता येतात आणि मी केलीही. पण गावासारखी गोष्ट गाळणीत नावाने वापरायचीच नाही, असं ठरवलं. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक आहे. जनावराच्या नोंदीत आता तोच राहतो, नाव फक्त गावांच्या ६४ ओळींच्या यादीतून दाखवायला येतं. कोळे शोधताना कोळेवाडी मध्ये येण्याचा त्रासही याने गेला.

२८ जून

इंडेक्स. हे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं.

शेअरपॉइंटच्या यादीत ३ कोटी नोंदी मावतात, पण एका विचारणीत ५,००० हून जास्त नोंदी चाळायची वेळ आली की ती विचारणी अडते. डेलिगेशन बरोबर लिहिलं म्हणजे झालं, असं नाही. ज्या कॉलमवर अट आहे त्याला इंडेक्स नसेल तर सर्व्हर पूर्ण यादी चाळायला जातो आणि ५,००० च्या उंबऱ्यावर थांबतो. पुस्तकाच्या मागे सूची नसेल तर एका शब्दासाठी पानन् पान उलटावं लागतं, तसंच हे.

एका यादीला २० कॉलमपर्यंत इंडेक्स लावता येतो. मी पाच लावले: गाव संकेतांक, शेवटचे चार, पूर्ण बिल्ला, जन्मतारखेचा आकडा, लसीची स्थिती. शेअरपॉइंट स्वतःहूनही इंडेक्स लावतं, पण २०,००० नोंदींच्या आतल्या यादीपुरतंच. आम्ही अठरा हजारांजवळ आहोत, पावसाळ्यानंतर २०,००० ओलांडू. ज्यांच्या याद्या अजून लहान आहेत त्यांनी आजच लावून घ्यावेत.

अटींचा क्रमही बदलला. अनेक अटी 'आणि' ने जोडल्या असतील तर पहिली अट अशी हवी की जिच्या कॉलमला इंडेक्स आहे आणि जिच्यानंतर ५,००० हून कमी नोंदी उरतात. माझ्या जुन्या सूत्रात पहिली अट होती 'मादी'. ती लावून निम्म्याहून जास्त यादी उरते, कारण दुभती जनावरं पाळणाऱ्यांच्या गोठ्यात नर राहतात किती? आता पहिली अट गावाची. आमचं सगळ्यात मोठं गाव सातशेच्या आत आहे.

३ जुलै

एकूण आकडा. सर्व्हर मोजून देत नाही, मग पडद्यावर मोजूच नये. 'गावनिहाय आकडे' नावाची ६४ ओळींची छोटी यादी केली: गाव, जनावरं, पात्र कालवडी, बाकी. रात्री २ वाजता पॉवर ऑटोमेट एकेक गाव घेऊन मोजतं आणि त्या ओळी बदलतं. पहिला पडदा फक्त या ६४ ओळी वाचतो, आणि ६४ ओळींवर बेरीज, क्रमवारी, काहीही फोनवर करता येतं. खाली आकडा कधीचा आहे ती वेळ लिहिली आहे. काल रात्रीचा आकडा आहे हे माहीत असलेला माणूस फसत नाही.

संचालकांनी विचारलं होतं, हे सगळं डेटाव्हर्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसवर, नेलं तर सुटेल का? बरंचसं सुटेल. मजकुराच्या मधला तुकडा शोधणं तिथे सर्व्हरवर होतं. पण २२ जणांचा जादा दराचा परवाना लागतो, आणि त्या पैशात लसी आणि बर्फपेट्या येतात. माझं मत त्यांना लिहून दिलं: यादी वाढली म्हणून हलवू नये, गरज बदलली तर हलवावी. डॉक्टरांना उद्या उपचाराच्या टिपणांतून एखादा शब्द शोधायचा झाला, तर मी स्वतः ती मागणी घेऊन जाईन.

८ जुलै

पाऊस धरून आहे. ढेबेवाडीकडे फोनला रेंज नाही, तिथे सर्व्हरवरची कितीही चांगली गाळणी कामाची नाही.

लसवाले दादा सकाळी कार्यालयातून निघताना दिवसाची गावं निवडतात, दोन किंवा तीन. ॲप त्या गावांची जनावरं फोनवर उतरवतं आणि तिथेच जपून ठेवतं. उतरवतानाही ती नोंदींची मर्यादा लागू आहेच. सगळी सूत्रं आता सर्व्हरकडे जातात, म्हणून ती २,००० केली आहे, आणि गावं एकदम न आणता एकेक आणतो. एकदा सातशेच्या आतली यादी फोनवर आली की तिच्यावर हवी ती गाळणी लावता येते. मालकाच्या नावातला मधला तुकडा, टोपणनाव, काहीही. 'सर्च' इथे पूर्ण बरोबर चालतं, कारण यादी पूर्ण हातात आहे.

यात एक धोका आहे, तोही लिहितो. फोनवर उतरलेल्या यादीवर सूत्र लिहिताना निळी रेघ आणि पिवळा त्रिकोण येत नाही. म्हणून उतरवल्यानंतर किती नोंदी आल्या ते गावनिहाय आकड्याशी ताडून पाहतो. काल रात्रीनंतर एखादं जनावर वाढलं असेल तर एखाद-दुसरी जास्त भरते, ते चालतं. कमी भरली तर लाल पट्टी येते आणि पट्टीवर लिहिलेलं असतं: "यादी अपुरी आहे, पुन्हा उतरवा." रिकाम्या पडद्यावर "नोंद सापडली नाही" हे वाक्यही बदललं. आता येतं, "६८७ जनावरांत शोधलं, सापडलं नाही." किती जणांत शोधलं हे सांगितलं की माणूस स्वतः ठरवू शकतो.

१२ जुलै

बेंदूर आठवड्यावर आला आहे. बैलांच्या मालकांची गर्दी आजपासूनच, शिंगं आणि खुरं दाखवायला. डॉक्टरांनी दिवसभरात ४० हून जास्त जनावरं चार आकड्यांवर शोधली, एकही चुकलं नाही. एका मालकाने दोन वेगळ्या जनावरांचे शेवटचे चार आकडे सारखे असल्याचं दाखवलं, गावंही सारखी. पडद्यावर दोन्ही आली, रंग आणि वय बघून निवडता आली.

दुहेरी झालेल्या ३१ नोंदी आज एकत्र करून संपवल्या. लसींचा इतिहास जुन्या नोंदीवर नेला, नवी नोंद काढून टाकली. चाचणीच्या यादीत आता खऱ्या यादीएवढ्या नोंदी भरून ठेवल्या आहेत, आणि चाचणीच्या ॲपची मर्यादा कायमची १.

१५ जुलै

११८ पैकी १०३ झाल्या. १५ राहिल्या: ६ मालकांनी नको म्हटलं, ४ विकल्या, ५ तारळ्यात आहेत. त्यातल्या एकीचे आठ महिने १८ तारखेला भरतात. १७ ला आषाढी एकादशीची सुट्टी, म्हणून उद्याच जायचं ठरलं.

पहाटे ६ ला गाडी. दादांच्या फोनवर तारळ्याची यादी उतरवून दिली, आकडा ताडला, बरोबर आहे. लसी शीतपेटीत.